डिकीचा पॉवर दरवाजा अडला की मॉड्यूल बदलायच्या आधी वायर बघा

पॉवर टेलगेटवाली, म्हणजे बटणाने आपोआप उघडणारा-मिटणारा डिकीचा दरवाजा असलेली गाडी थोडी जुनी झाली की कधी ना कधी हा प्रकार होतोच. बटण दाबलं की नुसतं टिक वाजतं आणि दरवाजा जागचा हलत नाही, किंवा अर्धा वर जाऊन बीप बीप करत थांबतो, किंवा उघडतो व्यवस्थित पण बंद व्हायचं नाव घेत नाही, आणि गाडी दाखवायला नेली की पहिलं वाक्य कानावर पडतं ते म्हणजे मॉड्यूल, म्हणजे दरवाजा चालवणारा कंट्रोलचा डबा, गेलंय. माझ्या गाडीच्या बाबतीतही मला हेच सांगितलं गेलं होतं. मॉड्यूल ठणठणीत होतं, दोष होता रबरी बूटच्या, म्हणजे बॉडीतून दरवाजात वायरी नेणाऱ्या रबरी नळीच्या, आतल्या एका पातळ वायरमध्ये. त्यानंतर ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्यांचे टेलगेट बघत आलोय आणि माझं मत आता पक्कं आहे, की या सिस्टीममधला सगळ्यात महाग पार्ट सगळ्यात कमी वेळा गेलेला असतो आणि वायर, कपलर (वायरींचा प्लग), अर्थिंग (गाडीच्या बॉडीला दिलेली निगेटिव्ह जोडणी) असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीच बहुतेक वेळा नडतात. ज्यांच्याकडे साधं मल्टीमीटर आहे आणि थोडा धीर आहे त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी आत काय काय असतं ते बघू. आजकालच्या बहुतेक गाड्यांत दरवाजाच्या दोन्ही बाजूंना जे दांडे दिसतात ते साधे गॅसचे शॉकर नसतात, त्यांच्या आत छोटी डीसी मोटर, गिअर, आट्यांचा लांब स्क्रू आणि जाड स्प्रिंग असं सगळं कोंबलेलं असतं, याला स्पिंडल म्हणतात. काही गाड्यांत दोन्ही बाजूंना मोटर असते, काहींत एकाच बाजूला आणि दुसरीकडे नुसता स्प्रिंगचा किंवा गॅसचा दांडा. थोड्या जुन्या डिझाइनमध्ये मोटर मागच्या खांबात लपवलेली असते आणि ती एका आर्मने दरवाजा ढकलते. मोटरला हॉल सेन्सर असतात, मोटर किती फिरली आणि कुठल्या दिशेने फिरली हे ते मोजत राहतात. खाली लॅच, म्हणजे दरवाजा पकडून ठेवणारी कडी, बऱ्याच गाड्यांत त्याला स्वतःची वेगळी मोटर असते जी दरवाजा शेवटचे काही मिलिमीटर आत ओढून घेते, आणि लॅचच्या आत छोटे मायक्रोस्विच असतात जे सांगतात की लॅच उघडा आहे, अर्धा लागलाय की पूर्ण लागलाय. दरवाजाच्या दोन्ही कडांना रबरी पट्ट्या असतात, मध्ये बोट किंवा सामान आलं की त्या दाबल्या जातात आणि दरवाजा उलटा फिरतो. मग बटणं, डॅशबोर्डवर एक, दरवाजाच्या खालच्या कडेला एक, बाहेर नंबर प्लेटच्या वर एक, शिवाय रिमोट, आणि काही गाड्यांत बंपरखाली पाय हलवायचा सेन्सर. हे सगळं जिथे येऊन मिळतं ते मॉड्यूल, बहुतेक वेळा डिकीच्या बाजूच्या पॅनेलच्या आत बसवलेलं.

यात एक गोष्ट नीट डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं जातं. मॉड्यूल हा आधी नकार देणारा डबा आहे. बटण दाबलं म्हणजे लगेच मोटरला करंट गेला असं होत नाही, ते आधी बघतं की गाडी पार्कमध्ये आहे का, लॉक उघडलंय का, बॅटरीचा व्होल्टेज पुरेसा आहे का, दोन्ही रबरी पट्ट्यांचं सर्किट शाबूत आहे का, लॅच काय म्हणतोय, हॉल सेन्सर काय म्हणतोय, आणि यातलं एक जरी उत्तर विचित्र आलं तरी ते गप्प बसतं किंवा बीप देऊन सोडून देतं. लोक याला मॉड्यूल गेलं म्हणतात. खरं तर मॉड्यूल तेव्हा त्याचं काम बरोबर करत असतं, एवढा जड दरवाजा कोणाच्या डोक्यात किंवा हातावर पडू नये म्हणूनच ते असं बनवलेलं असतं. म्हणजे आपल्याला शोधायचं काय, तर कुठल्या उत्तरावर ते अडलंय.

ते शोधायला पहिल्यांदा मीटर लागतच नाही, डोळे आणि कान लागतात. शांत जागी गाडी लावा, बटण दाबा आणि ऐका. अजिबात काहीच आवाज नाही, लॅचही सुटत नाही, तर एक तर बटणाचा सिग्नल पोचत नाहीये किंवा मॉड्यूललाच सप्लाय नाहीये. लॅच खटकन सुटला पण दरवाजा वर गेला नाही, तर सिग्नल पोचलाय, लॅचची लाइन चांगली आहे, आता स्पिंडलच्या मोटरकडे बघायचं. दरवाजा वीतभर वर जाऊन थांबला किंवा उलटा आला, तर बहुतेक हॉल सेन्सरकडून मोजणी येत नाहीये किंवा मोटर जास्त करंट ओढतेय आणि मॉड्यूलला वाटतंय मध्ये काहीतरी अडलंय. रिमोटने चालतो आणि दरवाजावरच्या बटणाने चालत नाही, तर बटण किंवा बटणाची वायर, बाकी सगळ्याला हात लावायची गरजच नाही. आणि उघडतो मस्त पण बंद होत नाही, हे ऐकलं की माझं लक्ष आधी त्या रबरी पट्ट्यांकडे जातं, कारण बंद होताना बोट चेंगरू नये म्हणून त्या बसवलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या सर्किटचा दोष बंद करतानाच आडवा येतो.

आणि अजून एक, हे फार कमी लोक बघतात. दरवाजावरच्या बाकीच्या गोष्टी चालतात का ते बघा, म्हणजे मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा, वरचा तिसरा ब्रेक लाइट, काचेचा डीफॉगर, मागचा कॅमेरा. यातलं काहीही सोबत बंद असेल, किंवा दरवाजा हलवताना दिवा लुकलुकत असेल, तर निम्मा शोध तिथेच संपला, कारण या सगळ्यांच्या वायरी वरच्या बिजागरीजवळच्या रबरी बूटमधून जातात आणि तिथेच काहीतरी तुटलंय. माझ्या गाडीत नंबर प्लेटचा एक दिवा मध्येच मंद व्हायचा आणि दरवाजा ज्या दिवशी हट्ट करायचा त्याच दिवशी हे व्हायचं.

पॅनेल खोलायच्या आधीची साधी तपासणी पटकन उरका. ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा डॅशबोर्डवर पॉवर टेलगेट बंद ठेवायचा स्विच असतो किंवा स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ऑप्शन असतो, तो कोणीतरी चुकून बंद केलेला असू शकतो. बॅटरी मोजा, गाडी तासनतास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरीचं बघा आणि मगच दरवाजाला दोष द्या, कारण कमी व्होल्टेजवर मॉड्यूल मुद्दाम मोटर चालवत नाही. फ्यूज सहसा एकापेक्षा जास्त असतात, मोटरचा मोठा, बऱ्याच गाड्यांत ३० किंवा ४० अ‍ॅम्पिअरचा, आणि मॉड्यूलच्या मेंदूसाठी वेगळा छोटा. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून चांगला म्हणू नका, त्याच्या पाठीवर जी दोन धातूची टोकं दिसतात त्या दोन्हीवर व्होल्टेज मोजा, दोन्हीकडे सारखा आला तर चांगला. फ्यूज उडालेला असेल तर नवीन टाकून मोकळं होऊ नका, तो का उडाला ते शोधायचंच आहे, आणि मोठ्या नंबरचा फ्यूज तर अजिबात टाकायचा नाही, तिथे मग वायर जळते.

पुढे जायच्या आधी एक सूचना, ही कृपया मनावर घ्या. दरवाजा उघडून काम करताना त्याला खालून मजबूत दांडका लावा. स्पिंडल काढलं की दरवाजाचं सगळं वजन दुसऱ्या बाजूवर येतं आणि तो अचानक खाली येऊ शकतो. स्पिंडल कापून किंवा उघडून बघायच्या भानगडीत पडू नका, आतली स्प्रिंग जबरदस्त दाबलेली असते. आणि लॅचची मोटर बोट ओढून घेऊ शकते, त्यामुळे लॅचमध्ये कधीही बोट घालायचं नाही, स्क्रू ड्रायव्हरच वापरायचा.

आता रबरी बूट. दरवाजा प्रत्येक वेळी उघडतो आणि मिटतो तेव्हा बॉडी आणि दरवाजा यांच्यामधल्या त्या छोट्याशा रबरी नळीतल्या सगळ्या वायरी वाकतात आणि सरळ होतात, आणि वाकतात नेहमी त्याच जागी. थंडीत वायरीचं वरचं प्लास्टिक कडक असतं तेव्हा त्याला चिरा जातात, आतलं तांबं एकेक तार करत तुटतं. बूटची दोन्ही टोकं बोटाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हळूच दाबून भोकातून बाहेर काढा, काही गाड्यांत आतून प्लास्टिकची रिंग असते ती आधी सोडवावी लागते, आणि मग बूट वायरींवरून मागे सरकवा. थोडं साबणाचं पाणी लावलं तर रबर सहज सरकतं. आत मिळेल ते दृश्य दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे सरळ तुटलेल्या, प्लास्टिक सोललेल्या, एकमेकांना टेकलेल्या वायरी, हे बघितल्या बघितल्या कळतं, आणि फ्यूज उडत असेल तर कारण बहुधा हेच. दुसरा प्रकार जास्त फसवा, वायर बाहेरून अगदी अखंड दिसते आणि आत तांबं तुटलेलं असतं. हे ओळखायला एकेक वायर दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढून बघायची. चांगली वायर ताणली जात नाही, आत तांबं असतं ना. तुटलेली वायर त्या जागी रबर बँडसारखी लांब होते आणि पातळ पडते. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं, रबरी पट्टीला जाणारी बारीक वायर, वरून एक ओरखडा नाही, आणि ओढल्यावर ताणली गेली. दरवाजा एका ठराविक कोनात असताना आतली टोकं एकमेकांना टेकायची आणि सगळं सुरळीत चालायचं, म्हणूनच कधी चालतो कधी नाही असा तो खेळ चालू होता.

काही गाड्यांत दोन बूट असतात, डावीकडे आणि उजवीकडे. दोन्ही बघा. शिवाय मागच्या काचेवर पाणी मारणारी वॉशरची नळी बऱ्याचदा याच बूटमधून जाते, ती आत निसटली किंवा फुटली की प्रत्येक वेळी वॉशर मारल्यावर पाणी वायरींवर सांडतं आणि तिथून वायरींच्या अंगाने खाली उतरून कपलरमध्ये शिरतं. बूट उघडल्यावर आत ओल दिसली तर ही नळी आधी तपासा. आणि मागचा डॅशकॅम नंतर बसवलेला असेल तर त्याची केबल कुठून नेलीय तेही बघा, आधीच गच्च भरलेल्या बूटमध्ये जबरदस्तीने अजून एक केबल घातली की बाकीच्या वायरींना हलायला जागा उरत नाही.

बूटमध्ये काहीच मिळालं नाही तर मग पॅनेल काढून मॉड्यूलच्या कपलरपर्यंत जायचं. तिथे पोचल्यावर कपलर ओढून काढायच्या आधी आजूबाजूला बघा, पाण्याचे डाग, गंज, ओला फोम असं काही आहे का. मागच्या दिव्याचं रबर कडक झालं की तिथून पाणी झिरपतं, पॅनोरॅमिक सनरूफ असेल तर त्याच्या मागच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी मागच्या खांबातून खाली उतरतं, आणि मॉड्यूल नेमकं त्या वाटेवर बसवलेलं असतं. कपलर काढल्यावर पिनांवर हिरवा किंवा पांढरा चढ दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, आणि पिन आत ढकलली गेलीय का, भोक सैल पडलंय का ते बघा. मॉड्यूल खरंच जातं ते बहुतेक अशा पाण्यामुळेच, आणि पाणी न थांबवता नवीन बसवलं तर तेही त्याच वाटेने जाणार.

आता मोजणी, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. बहुतेक जण मीटर कंटिन्यूटीवर, म्हणजे वायर जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर ठेवतात, बीप वाजली की वायर चांगली म्हणून पुढे जातात. हे पुरेसं नाही. मीटर त्या वेळी वायरीतून अगदी नगण्य करंट पाठवत असतं, आणि बऱ्याच मीटरची बीप काही ओहम रेझिस्टन्स असला तरी वाजते. तारांची टोकं नुसती टेकलेली असली, पिनेवर गंज असला, तरी बीप येते. पण दरवाजा उचलायला मोटरला १०-१५ अ‍ॅम्पिअर लागत असतील आणि वाटेत कुठेतरी फक्त ०.२ ओहमचा खराब जोड असेल, तर १५ गुणिले ०.२ म्हणजे ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात, मोटरला बारा ऐवजी नऊच मिळतात, ती कण्हते, मॉड्यूल म्हणतं अडथळा आहे आणि दरवाजा थांबवतं. ओहमवर ठेवलेल्या साध्या मीटरला ०.२ ओहम धड दिसतही नाही, लीड्सचाच रेझिस्टन्स तेवढा असतो.

म्हणून लोड चालू असताना, म्हणजे मोटर करंट ओढत असताना, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत खर्च होणारा व्होल्टेज, मोजायचा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन मॉड्यूलच्या कपलरमधल्या अर्थच्या वायरीवर मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून, वायरीचं प्लास्टिक टोचायचं नाही कारण त्या भोकातून पुढे पाणी शिरतं. मग दुसऱ्या कोणाला तरी बटण दाबायला सांगायचं आणि मोटर चालायचा प्रयत्न करते त्या क्षणी रीडिंग बघायचं. ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर अर्थ उत्तम, ०.२-०.३ पर्यंत मी चालवून घेतो, पण अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसायला लागला तर अर्थिंग खराब आहे. तसंच पॉझिटिव्हचं, लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी मॉड्यूलच्या सप्लायच्या वायरीवर, परत मोटर चालताना. मग टप्प्याटप्प्याने जवळ यायचं, फ्यूजच्या आधी, फ्यूजच्या नंतर, कपलरच्या अलीकडे, पलीकडे, जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथेच दोष. अर्थची वायर शेवटी बॉडीला एका बोल्टवर येते, तो बोल्ट पॅनेलच्या आत कुठेतरी असतो, तो काढून खालचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत साफ करून परत आवळला की कित्येक वेळा सगळा विषय तिथेच संपतो.

मोटर अजिबात चालतच नसेल तर लोड कुठून आणायचा, तर हेडलाइटचा ५५ वॉटचा जुना बल्ब. तो साधारण साडेचार अ‍ॅम्पिअर ओढतो. मॉड्यूलचा कपलर काढून त्यातल्या सप्लायच्या आणि अर्थच्या वायरीमध्ये हा बल्ब लावा, लख्ख पेटला तर लाइन चांगली, मंद पेटला तर वाटेत कुठेतरी गळतंय, मग मीटर काय वाट्टेल ते सांगू दे. पण हा बल्ब फक्त जाड सप्लाय आणि अर्थच्या वायरींवरच, सिग्नलच्या बारीक वायरींना, सेन्सरला किंवा डेटाच्या वायरींना चुकूनही लावायचा नाही.

सेन्सर आणि रबरी पट्ट्यांचं तपासणं त्यामानाने सोपं आहे, कारण डावी आणि उजवी अशी जोडी असते आणि तुलना करता येते. पट्टीच्या टोकाला सहसा एक रेझिस्टर बसवलेला असतो, त्यामुळे कपलर काढून मोजलं की काही किलोओहमचं स्थिर रीडिंग दिसतं आणि पट्टी चिमटीत दाबली की ते धाडकन खाली येतं. दोन्ही बाजूंचं रीडिंग सारखं यायला हवं. एक बाजू ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवत असेल तर पट्टी किंवा तिची वायर तुटलीय, न दाबताच खूप कमी दाखवत असेल तर आत पाणी गेलंय किंवा पट्टी कुठेतरी कायमची चेपलीय. आधी पट्टीच्या स्वतःच्या कपलरवर मोजा, मग मॉड्यूलच्या कपलरवर, दोन्हीकडे सारखं आलं तर मधली वायर चांगली. हॉल सेन्सरसाठी सिस्टीम जागी असताना सप्लायच्या पिनेवर व्होल्टेज येतोय का बघा, आणि मग दरवाजा हाताने अगदी सावकाश हलवत सिग्नलच्या पिनेवर मीटर धरा, आकडा वर खाली उड्या मारत राहिला तर सेन्सर जिवंत आहे. एकाच जागी चिकटून बसला तर सेन्सर किंवा वायर. स्पिंडलचा कपलर आणि त्याची वायरही सतत हलत असते, तिथेही ओढून बघा.

बाहेरचं बटण हा वेगळाच त्रास. वरचं रबर उन्हाने चिकट होतं, फाटतं, पाणी आत जातं आणि आतला स्विच कधी दबलेलाच राहतो कधी दबतच नाही. दबलेला राहिला तर काही गाड्यांत बाकीच्या बटणांवरही परिणाम होतो, म्हणून शंका आली की त्या बटणाचा कपलर काढून ठेवायचा आणि रिमोटने दरवाजा चालतो का बघायचं. पाय हलवायचा सेन्सर बंपरच्या आत असतो, त्यावर चिखल बसला, कपलरमध्ये पाणी गेलं की तो काम करत नाही, पण त्याच्यामुळे बाकीचा दरवाजा सहसा अडत नाही, त्यामुळे तो मी शेवटी बघतो.

स्कॅनर असेल तर उत्तमच, पण कुठला ते महत्त्वाचं. साधा ओबीडी रीडर (गाडीच्या सॉकेटला लावून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) बहुतेक वेळा इंजिनचेच कोड दाखवतो, डिकीच्या मॉड्यूलपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे त्यात काही दिसलं नाही म्हणजे दोष नाही असं समजू नका. बॉडीच्या मॉड्यूलमध्ये जाणारा स्कॅनर हवा, बी ने सुरू होणारे कोड बॉडीचे आणि यू ने सुरू होणारे मॉड्यूलच्या आपसातल्या बोलण्याचे. यू०२३० म्हणजे मागच्या दरवाजाच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. हा कोड आला की लगेच मॉड्यूल बदला म्हणून सांगतात, पण सप्लाय गेला, अर्थ गेली, तरी मॉड्यूल गप्पच होणार आणि बाकीच्यांना त्याचा संपर्क मिळणार नाहीच, म्हणून आधी सप्लाय आणि अर्थ वर सांगितलं तशी लोडखाली तपासायची. ते चांगलं निघालं तर डेटाच्या वायरी. कॅन, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाइन, असेल तर बॅटरी काढून त्या दोन वायरींमध्ये ६० ओहमच्या आसपास यायला हवं, कारण दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात, १२० दिसलं तर त्यातला एक कुठेतरी तुटलाय. स्कॅनरचा खरा उपयोग मला लाइव्ह डेटात वाटतो. स्क्रीनवर लॅचचे स्विच, पट्ट्या, बटणं सगळ्यांची स्थिती दिसते, मग दरवाजा हलवत, बूट हाताने वाकवत, बटण दाबत स्क्रीनकडे बघत राहायचं, जी ओळ विनाकारण बदलते ती वायर पकडायची.

आणि कधी कधी हे सगळं तपासूनही सगळं बरोबर निघतं. तेव्हा दरवाजा पॉवर बंद ठेवून हाताने उघडून बघा. एका बाजूला गॅसचा दांडा असेल आणि तो थकलेला असेल तर मोटरवर भार वाढतो, थंडीत गॅसचा दाब कमी होतो म्हणून सकाळी त्रास आणि दुपारी नाही असं होतं. बिजागरी जाम असेल, मागे सायकलचा स्टँड लावला असेल, तरी मॉड्यूलला तो अडथळाच वाटतो. ही तक्रार इलेक्ट्रिकची दिसते पण नसते.

वायर दुरुस्त करताना घाई नको. तुटलेल्या जागीच सोल्डरचा डाग देऊन वर टेप गुंडाळायची ही पद्धत मला अजिबात पटत नाही, कारण डागाजवळ वायर कडक होते आणि वाकायच्या जागेत असली की डागाच्या शेजारीच परत तुटते. त्यापेक्षा तुटका भाग दोन्ही बाजूंना लांब कापून, त्याच जाडीची, मऊ, भरपूर बारीक तारांची वायर मध्ये घाला, सिलिकॉनच्या आवरणाची मिळाली तर सगळ्यात चांगली, आणि दोन्ही जोड बूटच्या बाहेर, एक बॉडीच्या आत आणि एक दरवाजाच्या आत येतील असं करा. जोड क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. चार-पाच वायरी असतील तर सगळे जोड एकाच जागी घेऊ नका, पुढे मागे घ्या, नाहीतर गठ्ठा होतो. एक वायर तुटलेली मिळाली तर शेजारच्या वायरीही तेवढ्याच वेळा वाकलेल्या असतात, त्याही त्याच वेळी बदलून टाका. बूट परत बसवताना त्याची कड भोकात सगळीकडून नीट बसलीय का ते बोट फिरवून बघा.

बॅटरी काढली असेल किंवा मॉड्यूलचा कपलर काढला असेल तर काम झाल्यावर दरवाजा लगेच नीट चालेलच असं नाही, त्याला आपली जागा परत शिकवावी लागते. पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी, मॅन्युअलमध्ये दिलेली असते, पण साधारण म्हणजे दरवाजा हाताने पूर्ण लॅच होईपर्यंत बंद करायचा, मग बटणाने न थांबता पूर्ण उघडू द्यायचा आणि परत पूर्ण बंद होऊ द्यायचा. उंची कमी सेट केलेली असेल तर अर्ध्यातच थांबतो आणि लोक त्यालाही बिघाड समजतात.

शेवटचं, बॅटरी रात्रीत उतरत असेल आणि टेलगेटही त्रास देत असेल तर दोन्हींचं मूळ एकच असू शकतं. लॅचमधला स्विच अडकला की दरवाजा बंद असूनही गाडीला वाटतं उघडा आहे, मग डिकीचा दिवा चालू राहतो आणि मॉड्यूल झोपतच नाहीत. सगळं बंद करून गाडी पूर्ण झोपल्यावर, म्हणजे तिची मॉड्यूल शांत झाल्यावर, साधारण ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत करंट हवा. हे तपासताना दरवाजा उघडाच ठेवायचा असतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हरने लॅच फिरवून पूर्ण लावून टाकायचा म्हणजे गाडीला दरवाजा बंद वाटतो, गाडी लॉक करायची, अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग फ्यूज न काढता त्यांच्या पाठीवरच्या दोन टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजत जायचं, ज्या फ्यूजवर शून्याऐवजी काहीतरी आकडा दिसतो त्या लाइनमध्ये काहीतरी जागं आहे. आणि काम झाल्यावर दरवाजा खाली आणायच्या आधी बटण दाबून तो लॅच सोडवायलाच हवा, नाहीतर बंद लॅच बॉडीवरच्या लोखंडी आकड्यावर जाऊन आदळतो आणि चांगला असलेला लॅचही वाकतो.